दुपारी हात टेकणारा एसी: दोनदा गॅस भरूनही न सुटलेली तक्रार

दीड टनाचा स्प्लिट एसी. इन्व्हर्टर नाही, म्हणजे कॉम्प्रेसर एकतर पूर्ण वेगाने चालणार नाहीतर बंद राहणार. गॅस आर-३२, वय पाच वर्षं. खोली सर्वांत वरच्या मजल्यावरची, १४ चौरस मीटरची, एक भिंत पश्चिमेकडे. आउटडोअर युनिट छोट्या बाल्कनीत ठेवलेलं, आणि धूळ येते म्हणून ती बाल्कनी नंतर आडव्या पट्ट्यांच्या जाळीने बंद केलेली.

सकाळी अकरापर्यंत आणि रात्री नऊनंतर खोली छान गार होते. बाहेर पारा ४२-४३ अंश सेल्सिअसवर गेला की दुपारी एक ते सहा खोली ३०-३१ अंशांच्या खाली येत नाही. इनडोअरचा पंखा फिरत राहतो, पण कॉम्प्रेसर वीस-पंचवीस मिनिटांत बंद पडतो आणि अर्धा-पाऊण तास गप्प राहतो. परत सुरू होताना कधी नुसताच गुणगुणतो आणि पुन्हा बंद होतो.

याआधी दोन उन्हाळ्यांत दोनदा गॅस भरला गेला. दोन्ही वेळा वजन केलं नव्हतं, प्रेशर गेजचा काटा बघून अंदाजाने भरला. दुसऱ्यांदा भरल्यावर तक्रार कमी न होता वाढली. मग स्टॅबिलायझर बदलला. तरी फरक नाही म्हटल्यावर ‘कॉम्प्रेसर कमजोर झालाय, बदलावा लागेल’ असं निदान झालं. एवढा मोठा खर्च करण्याआधी यंत्र पहिल्यापासून तपासायचं ठरलं.

प्रकरण प्रातिनिधिक आहे. कडक उन्हाच्या भागात ही तक्रार याच क्रमाने वाढत जाते, आणि खालची मापं अशा यंत्रावर अशा परिस्थितीत जशी मिळतात तशी धरली आहेत. दुसऱ्या यंत्राचे आकडे वेगळे येतील, तपासणीचा क्रम मात्र तोच राहील.

तक्रारीतून काय कळतं

एसीतला गॅस वापराने संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळला आहे, आणि गळती न शोधता वरून भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. त्यामुळे ‘दर उन्हाळ्यात थोडा गॅस भरून घ्यायचा’ ही देखभाल नाही. गळती आहे की नाही हेच अजून कोणी पाहिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट वेळेची. गॅस खरंच कमी असेल तर यंत्राची ताकद दिवसाचे चोवीस तास कमी असते. रात्री भार कमी असल्याने खोली कशीबशी गार होईलही, पण खुणा लपत नाहीत: इनडोअर कॉइलची सुरुवातीची एक-दोन वळणंच बर्फासारखी गार आणि बाकीचं कॉइल कोरडं, कधी त्या वळणांवर खरोखरच बर्फ. इथे पुढची जाळी उचलून पाहिलं तर कॉइल वरपासून खालपर्यंत सारखं ओलं होतं. गॅस कमी असण्याचा संशय इथेच निम्मा उतरला.

निम्माच, कारण कमी गॅसवरही कॉम्प्रेसर ट्रिप होऊ शकतो. आतली मोटर परत येणाऱ्या गार गॅसमुळेच थंड राहते. गॅस अपुरा पडला की मोटर तापते आणि ओव्हरलोड प्रोटेक्टर, म्हणजे तापल्यावर वीज तोडणारी कळ, उघडतो. दोन्ही प्रकारांत घरच्यांना दिसतं ते एकच, दुपारी बंद पडणारा कॉम्प्रेसर. फरक करंट सांगतो. कमी गॅसवर करंट नेमप्लेटवर, म्हणजे यंत्राच्या माहितीपट्टीवर, दिलेल्यापेक्षा कमी येतो. उष्णता बाहेर टाकता येत नसेल तर करंट वर जातो. कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह आतून गळत असतील तर सक्शनचं, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचं, प्रेशर जास्त आणि करंट कमी, अशी उलटी जोडी दिसते. वायरभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावायला दोन मिनिटं लागतात, आणि त्या दोन मिनिटांत तीन शक्यता वेगळ्या होतात. तो न लावता कॉम्प्रेसर बदलायचा निर्णय घेणं आम्हाला मुळीच पटत नाही.

गेज शेवटी

मापं दुपारी तीनला घेतली. बाहेर सावलीत ४३, खोलीत ३१. यंत्र सुरू करून पंधरा मिनिटं होऊ दिली. कॉम्प्रेसर बंद पडायच्या आत सगळं उरकायचं असल्याने थर्मामीटरचे प्रोब आधीच बांधून ठेवले होते. तांब्याच्या चकचकीत नळीवर इन्फ्रारेड गन धरली तर आकडा चुकीचा येतो. वापरायचीच असेल तर नळीवर काळी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर नेम धरावा. नळीला टेकवून वरून फोमने झाकलेला प्रोब सर्वांत भरवशाचा.

करंट १०.४ अँपिअर. नेमप्लेटवर ७.३. इथे कमी गॅस आणि कमजोर कॉम्प्रेसर दोन्ही यादीतून गेले.

व्होल्टेज मुख्य बोर्डावर २१९, आउटडोअरच्या टर्मिनलवर २०८. मधल्या मध्ये ११ व्होल्ट गळतात. याकडे पुढे येऊच.

आउटडोअर कॉइलच्या मागच्या बाजूला, म्हणजे जिथून हवा आत ओढली जाते तिथे, वर, मध्ये आणि कडेला असे तीन प्रोब. सरासरी ५१ अंश. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच. हवामान ४३ सांगतं, पण यंत्राला मिळणारी हवा ५१ ची आहे. पंख्यातून सुटणारी गरम हवा समोरच्या पट्ट्यांवर आपटून बाल्कनीतच फिरते आणि पुन्हा मागून आत ओढली जाते. घरगुती यंत्रांची थंड करण्याची क्षमता आयएसओ ५१५१ या मानकात टी-१ स्थितीत, म्हणजे बाहेर ३५ अंश धरून मोजतात. उष्ण प्रदेशासाठीची टी-३ स्थिती ४६ अंशांची. टी-१ वर्गाचं यंत्र ४३ अंशांपर्यंतच्या आणि टी-३ वर्गाचं ५२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी धरलेलं असतं. हे यंत्र टी-१ वर्गाचं. त्याला रोज दुपारी ५१ अंशांची हवा पाजली जात होती.

कंडेन्सरच्या, म्हणजे आउटडोअर कॉइलच्या, मधल्या वळणावर ६६ अंश, तिथून बाहेर पडणाऱ्या द्रवाच्या नळीवर ५३. आर-३२ साठी ६६ अंश म्हणजे सुमारे ४४ बार प्रेशर. कंडेन्सिंग, म्हणजे गॅसचा द्रव होणं, ५७ अंशांवर होत असतं तर तेच सुमारे ३६ बार राहिलं असतं. हे प्रेशर गेजवर थेट दिसत नाही, कारण या बांधणीच्या स्प्लिटमध्ये सर्व्हिस पोर्ट एकच, तोही सक्शनच्या बाजूला. कॅपिलरी, म्हणजे द्रवाचं प्रेशर उतरवणारी बारीक नळी, आउटडोअरमध्येच असते, म्हणून भिंतीतून जाणाऱ्या दोन्ही नळ्या गार लागतात. हाय साइडचा, म्हणजे जास्त प्रेशरच्या बाजूचा, अंदाज तापमानावरून आणि करंटवरूनच बांधायचा.

६६ आणि ५३ मधला १३ अंशांचा फरक म्हणजे सबकूलिंग, द्रव झाल्यावर तो आणखी किती गार झाला ते. कॅपिलरीच्या यंत्रात ५ ते ८ असता तर काही म्हणायचं नव्हतं. १३ याचा अर्थ कंडेन्सरच्या खालच्या ओळींमध्ये द्रव साठून राहिला आहे. गॅस कमी असण्याच्या अगदी उलट खूण.

मग शेवटी गेज लावला. सक्शन १७८ पीएसआय, म्हणजे या प्रेशरला आर-३२ उकळण्याचं तापमान साधारण १६ अंश. सक्शनच्या नळीचं प्रत्यक्ष तापमान १७. सुपरहीट, म्हणजे वाफ झाल्यावर गॅस आणखी किती तापला ते, जेमतेम एक अंश. नळीवर कॉम्प्रेसरपर्यंत दव धरलेलं, कॉम्प्रेसरचं बूडही थंडगार. म्हणजे द्रव पूर्ण वाफ न होताच कॉम्प्रेसरकडे परततो आहे. हे असंच चालू राहिलं तर तेल पातळ होतं, बेअरिंग झिजतात, आणि आज चुकीने ‘कमजोर’ ठरवलेला कॉम्प्रेसर काही महिन्यांत खरोखरच कमजोर होतो.

गेज शेवटी लावायचं कारण असं की तो लावताना-काढताना थोडा गॅस जातो, पोर्टची छोटी पिन नीट बसेलच असं नसतं, आणि एकटं सक्शन प्रेशर फसवं असतं. फिल्टर किंवा इनडोअर कॉइल तुंबलं तरी सक्शन खाली येतं आणि गॅस कमी असल्यासारखं दिसतं. या यंत्रात पहिल्यांदा गॅस भरला गेला तो बहुधा असाच.

पाण्याचा फवारा

उष्णता बाहेर टाकण्यातच अडचण आहे याची खात्री करायला एक सोपी चाचणी पुरते. यंत्र चालू ठेवून कंडेन्सरच्या मागच्या पंखांवर, म्हणजे कॉइलवरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर, बारीक तुषार मारायचा, विजेच्या बाजूचं झाकण बंद आणि त्या बाजूला पाण्याचा थेंब जाणार नाही अशा बेताने, आणि डोळे क्लॅम्प मीटरवर ठेवायचे. इथे दोन मिनिटांत करंट १०.४ वरून ९.० वर आला. खोलीत सुटणारी हवाही लगेच गार लागू लागली. कॉइल ओलं झाल्यावर यंत्र सुधारतं, म्हणजे कॉइलपर्यंत पुरेशी गार हवा पोचत नाही किंवा ती आरपार जात नाही.

हा उपाय नाही, चाचणीच आहे. रोज फवारा मारत राहिलं तर पाण्यातले क्षार पंखांवर बसतात, ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि दोन उन्हाळ्यांत कॉइलची कायमची वाट लागते. फवाऱ्यानंतरही करंट ७.३ च्या जवळ आला नाही, हेही टिपून ठेवलं. उरलेला भार कुठून तरी दुसरीकडून येत होता.

विजेची बाजू

११ व्होल्ट कुठे जातात? बोर्डापासून आउटडोअरपर्यंत १२ मीटर वायर, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची. जाता-येता २४ मीटर धरले तर रोध ०.१७ ओहमच्या आसपास, आणि १० अँपिअरला पावणेदोन व्होल्टची घट. बाकीचे सव्वानऊ व्होल्ट एखाद्या सैल जोडात जळत असणार. सव्वानऊ गुणिले १०.४ म्हणजे ९५ वॅटच्या वर उष्णता, तीही एका जोडावर. ती जागा सापडायला वेळ लागला नाही: १६ अँपिअरच्या सॉकेटमधली एक पिन तपकिरी झालेली, प्लगचं प्लास्टिक तिच्याभोवती मऊ पडलेलं. ही निव्वळ कूलिंगची बाब नाही, इथून आग लागते. एसी अर्धा तास चालल्यावर प्लगचा बाहेरचा भाग उलट्या हाताने चाचपून बघावा; हात ठेववत नसेल तर त्याच क्षणी एमसीबी पाडून प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलून घ्यावेत.

कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या क्षणी करंट चालू करंटच्या चार-पाच पट असतो. ३५ अँपिअर धरले तर त्याच सैल जोडावर सुरू होताना ३० व्होल्टच्या पुढे घट. स्टॅबिलायझर या जोडाच्या आधी बसवलेला होता, मग त्याचा उपयोग होणार कसा?

त्यात कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरच्या मोटरला सुरू व्हायला आणि फिरायला मदत करणारा भाग. नेमप्लेटवर ४५ मायक्रोफॅरड, अधिक-उणे ५ टक्के, ४४० व्होल्ट. चालू यंत्रावर मोजायची पद्धत अशी: कपॅसिटरकडून स्टार्ट वाइंडिंगकडे (मोटर सुरू करणाऱ्या वेटोळ्याकडे) जाणाऱ्या वायरचा करंट आणि कपॅसिटरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज घ्यायचं, करंटला ३१८३ ने गुणायचं आणि व्होल्टेजने भागायचं. हा गुणक ५० हर्ट्झसाठी. ६० हर्ट्झला २६५३. इथे ४.१ अँपिअर आणि ३४५ व्होल्ट मिळाले, म्हणजे सुमारे ३८ मायक्रोफॅरड. चालू असताना कपॅसिटरवर मेन्सपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज असतं, त्यामुळे हे माप ज्याला सवय आहे त्यानेच घ्यावं. बाकीच्यांनी पुरवठा तोडून, २० किलो-ओहम ५ वॅटच्या रोधाने दहा सेकंद डिस्चार्ज करून, वायर काढून मीटरवर मोजावा. टोकं स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नयेत. ठिणगी उडते आणि कपॅसिटरही खराब होतो.

१६ टक्के उतरलेला कपॅसिटर, वरून घटलेलं व्होल्टेज, आणि समोर ४४ बारचं प्रेशर. बंद पडल्यावर गुणगुण करून सुरू न होण्याचं कोडं या तिघांनी मिळून सोडवलं. यातलं एकेकटं कारण असतं तर यंत्राने बहुधा निभावून नेलं असतं. नवा कपॅसिटर त्याच मूल्याचा घेतला. ‘जरा जास्त’ म्हणून ५०-५५ चा बसवला तर स्टार्ट वाइंडिंगमधून जादा करंट कायम वाहतो आणि मोटर तापते.

कॉम्प्रेसरवर ठपका होता म्हणून तोही तपासला. वायर काढून, मोटरच्या तीन टोकांमध्ये: कॉमन ते रन १.७ ओहम, कॉमन ते स्टार्ट ३.३, रन ते स्टार्ट ५.०. पहिल्या दोन मापांची बेरीज तिसऱ्याइतकी आली, म्हणजे वाइंडिंग शाबूत. ५०० व्होल्टच्या मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर, बॉडीला ६० मेगओहम. (मेगर व्हॅक्यूममध्ये असलेल्या कॉम्प्रेसरवर कधीही लावू नये, आत स्पार्क होऊन वाइंडिंग जातं.) कॉम्प्रेसर निर्दोष होता.

हवेची वाट

एमसीबी पाडून आउटडोअरचं वरचं आणि पुढचं झाकण काढलं. मागून पाहिलं तर कॉइल स्वच्छ दिसत होतं. पण कॉइल दोन पदरी, आणि दोन पदरांच्या मध्ये धूळ आणि कापसाचा नमद्यासारखा थर. बाहेरून ब्रश मारणाऱ्याला तो दिसतच नाही. पाणी आतून बाहेर, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, साध्या नळाच्या दाबाने मारलं. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पंख आडवे पडतात आणि हवा कायमची अडते. पंख्याची मोटर आणि इलेक्ट्रिकल बॉक्स प्लास्टिकने बांधून घेतले, आणि निथळणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत काम थांबवलं नाही.

पण खरं काम बाल्कनीचं होतं. पट्ट्यांच्या जाळीतून वाऱ्याला निम्मीसुद्धा मोकळी जागा नव्हती. आउटडोअरच्या पुढे किती जागा हवी ते मॅन्युअलमध्ये असतं, साधारण ७० सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत, मागे १० ते ३० सेंटिमीटर. इथे पुढे ३५ सेंटिमीटरवर पट्ट्या. पंख्याच्या समोरच्या ६० बाय ६० सेंटिमीटर भागातल्या पट्ट्या कापून काढल्या, आणि पंख्याच्या जाळीपासून त्या उघड्या भागापर्यंत पत्र्याची चौकोनी नळकांडी बसवली. आता गरम हवा थेट बाहेर जाते. बाजूच्या आणि खालच्या पट्ट्या आडव्याच्या उभ्या वळवल्या, म्हणजे आत येणारी हवा तिथून येईल. नळकांडीचा पत्रा पंख्याला टेकता कामा नये, नाहीतर थरथर खोलीत ऐकू येते. मध्ये रबराची पट्टी लावली.

पुष्कळ जण इथे आउटडोअरवर छप्पर घालायला सांगतात. थेट ऊन अडवल्याने थोडा फायदा होतो, पण छपरामुळे गरम हवा कोंडली तर जेवढा फायदा तेवढंच किंवा जास्त नुकसान. आमचा कौल आधी वाट मोकळी करण्याला, सावलीचा विचार त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, बाहेर ४३ असताना: कॉइलमागची हवा ४४.५, मधल्या वळणावर ६१, करंट ९.१. बंद पडणं थांबलं. बऱ्याच ठिकाणी दुरुस्ती इथेच संपवली जाते. पण सुपरहीट अजून दोन अंशांच्या खालीच होता, कॉम्प्रेसरचं बूड अजून गारच. जादा गॅस तसाच ठेवणं म्हणजे कॉम्प्रेसरचं आयुष्य कापणं.

गॅस वजनावर

हवेची वाट सुधारल्याशिवाय गॅसला हात लावायचा नाही, हा क्रम मुद्दाम पाळला. आधी गॅस काढला असता तर ५१ अंशांच्या हवेवर बेतलेलं प्रमाण ४४ च्या हवेत चुकीचं ठरलं असतं.

आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि हवेपेक्षा जड, त्यामुळे खाली साठतो. खोलीची आणि बाल्कनीची दारं-खिडक्या उघडी, जवळ ज्योत नाही, आणि काम चालू असताना कोणी सिगारेट पेटवणार नाही हे घरच्यांना आधीच सांगितलेलं. गॅस हवेत सोडायचा नाही. रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये घ्यायचा, सिलिंडर ८० टक्क्यांहून जास्त भरायचा नाही आणि सावलीतच ठेवायचा.

निघालेल्या गॅसचं वजन १,०१० ग्रॅम. नेमप्लेटवर ८२० ग्रॅम. नळीची लांबी ४ मीटर, कारखान्यातून भरून येणाऱ्या गॅसच्या मर्यादेतली, म्हणजे वाढीव भरायचं काही कारणच नव्हतं. १९० ग्रॅम, जवळजवळ पाव हिस्सा, जादा. कॅपिलरीच्या यंत्रात जादा गॅस साठवायला वेगळी टाकी नसते. तो कंडेन्सरच्या खालच्या ओळींत द्रव होऊन बसतो, तेवढं कॉइल उष्णता टाकायच्या कामातून जातं, प्रेशर चढतं, आणि चढलेलं प्रेशर कॅपिलरीतून जास्त द्रव इनडोअरकडे ढकलतं. वर पाहिलेली सगळी मापं यातूनच जुळतात.

यंत्र रिकामं झालंच होतं म्हणून गळतीही पाहून घेतली. कोरडा नायट्रोजन ३० बारपर्यंत टप्प्याटप्प्याने चढवला. (ऑक्सिजन किंवा साधा एअर कॉम्प्रेसर इथे कधीही नाही, ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो.) उन्हात ही चाचणी फसवते. ३० बारला नायट्रोजनचं तापमान ५ अंशांनी वाढलं की गेज अर्ध्या बारने वर जातो आणि ऊन उतरलं की तेवढाच खाली, म्हणून आकड्यासोबत नळीचं तापमानही लिहायचं. फ्लेअरच्या (नळीचं तोंड पसरवून नटाने आवळलेल्या) चारही जोडांवर साबणाचं पाणी लावलं, काही नाही. सर्व्हिस पोर्टवर मात्र दर काही सेकंदांनी एक बारीक बुडबुडा. पिन नीट बसत नव्हती आणि वरचा पितळी कॅप नट गायब. मागच्या वेळी गेज काढल्यावर तो परत लावलाच नव्हता. तो कॅप धूळ अडवायला नसतो, गळतीविरुद्धचा दुसरा अडसर तोच. पिन बदलली, नवा कॅप नट पान्याने आवळला.

नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम. व्हॅक्यूम किती झाला ते मोजणारा मायक्रॉन गेज पंपाच्या तोंडाशी न लावता यंत्राच्या बाजूला लावला, कारण पंपाजवळ आकडा नेहमी चांगलाच दिसतो. ५०० मायक्रॉनच्या खाली गेल्यावर झडप बंद करून पंधरा मिनिटं थांबलो. आकडा ६५० वर जाऊन स्थिरावला. तो सतत चढत राहिला असता तर गळती. दीड-दोन हजारांवर जाऊन थांबला असता तर आत ओल आहे असं समजून पंप पुन्हा चालवावा लागला असता. आर-३२ सोबतचं तेल पाणी झपाट्याने शोषतं, म्हणून ‘पंप वीस मिनिटं चालवला’ हे उत्तर पुरेसं नाही, मायक्रॉनचा आकडा हवा.

मग वजनकाट्यावर ८२० ग्रॅम. बहुतेक गॅस व्हॅक्यूममध्ये द्रवरूपातच ओढला गेला. उरलेला कॉम्प्रेसर चालू करून सक्शनमधून थोडा थोडा सोडला, म्हणजे द्रवाचा लोंढा कॉम्प्रेसरवर जाणार नाही. होजमध्ये अडकणारा गॅस वजनातून वजा धरला. फ्लेअर नट उघडायची वेळ आली नाही. आली असती तर पाव इंची नट १४ ते १८ न्यूटन-मीटर आणि अर्धा इंची ४९ ते ६१ न्यूटन-मीटरवर टॉर्क पान्यानेच बंद केले असते. हाताच्या अंदाजाने पाव इंची जोड बहुधा जास्त आवळला जातो आणि फ्लेअरला चीर पडते.

नंतरची मापं

बाहेर ४३, कॉइलमागे ४४.५. बोर्डावर २१९ व्होल्ट, आउटडोअरला २१७. करंट ८.३. कंडेन्सरचं मधलं वळण ५८, द्रव ५१, सबकूलिंग ७. सक्शन १५० पीएसआय म्हणजे सुमारे ११ अंश, नळी १८, सुपरहीट ७. आधी खोलीतली हवा ३१ ने आत जाऊन २२ ने बाहेर येत होती. आता २७ ने जाते आणि १४.५ ने येते. ८.३ हा आकडा ७.३ पेक्षा जास्त आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. नेमप्लेट ३५ अंशांची आहे.

इनडोअरचा फिल्टर आणि पंख्याचं चक्र धुतलं, ड्रेनचा उतार सरळ केला. त्यात विशेष काही नव्हतं.

छताचा ताप मात्र राहिलाच. वरच्या मजल्याचा स्लॅब दुपारी एकदा तापला की संध्याकाळपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, आणि ४६ अंशांच्या दिवशी असं यंत्र ३५ च्या तुलनेत साधारण दहा-पंधरा टक्के कमी काम करतं. त्यामुळे घरच्यांना सांगितलं ते असं: दुपारी तीनला खोली ३३ वर गेल्यावर सुरू करण्याऐवजी बाराला २६ वर लावून ठेवा. सेटिंग १८ वर नेल्याने या यंत्रात खोली लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसरचा वेग तेवढाच असतो, फक्त तो थांबायचा बंद होतो.

आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे: आर-३२, ८२० ग्रॅम, वजनावर भरला, तारीख, बाहेर ४३ असताना ८.३ अँपिअर, कपॅसिटर ४५. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी कॉइलच्या दोन पदरांमध्ये टॉर्च मारून पाहायचं, कपॅसिटर मोजायचा, प्लग चाचपायचा. गॅसची लाइन उघडायची ती करंट या कागदापेक्षा स्पष्ट कमी, इनडोअर कॉइलची पहिली वळणंच गार आणि एखाद्या जोडाभोवती तेलाचा डाग, असं एकत्र दिसलं तरच. आणि तेव्हाही आधी गळती, मग व्हॅक्यूम, मग वजनकाटा.